दोन्हीकडे कलणारी बोट

बोट डावीकडे कलली होती. जास्त नाही, पाचेक अंश. पण काठावरूनही ते दिसत होतं.

"मॅडम, डावीकडं बसलीया," मेस्त्री बोटीतूनच ओरडले.

मी हातातल्या ड्रॉइंगकडे पाहिलं. ड्रॉइंगमध्ये बोट सरळ होती. क्रेन उजव्या बाजूला होती, त्यामुळे कलायचीच असती तर ती उजवीकडे कलायला हवी होती.

मेस्त्री दोरी आवळायला उजव्या कडेला गेले. बोट सरळ झाली आणि तिथे न थांबता उजवीकडे झुकली. मेस्त्री परत मधोमध येऊन उभे राहिले. बोट उजवीकडेच राहिली.

"आता उजवीकडं," ते म्हणाले. "एकदा काय ते ठरीव की बाई."

हे ते बोटीला म्हणाले. पण काठावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण ड्रॉइंगवर नाव माझं होतं.

मी कोल्हापूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये डिझाइन इंजिनिअर आहे. आम्ही अ‍ॅल्युमिनियमच्या कामाच्या बोटी बनवतो. पूर्वी इथे फक्त दुधाचे टँकर बनायचे. नदीला मोठे पूर येऊन गेल्यावर गावागावांतून बोटींची मागणी यायला लागली आणि आमच्या सरांनी अर्धी शेड बोटींना दिली. मी मेकॅनिकल करून बोटींच्या डिझाइनचा एक ऑनलाइन कोर्स केला होता. तेवढ्यावर मला घेतलं. शेडमध्ये अकरा माणसं आहेत आणि बाई मी एकटी. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मराठी घरचीच आहे, पण शेडमधली मराठी वेगळी आणि फार मोठ्या आवाजातली. पहिलं वर्षभर मी जास्त करून मान हलवली.

मेस्त्री म्हणजे आमचे मुख्य वेल्डर. वय पन्नाशीच्या पुढे, राहायला शिवाजी पेठेत. आयुष्यातली पंचवीस वर्षं त्यांनी टँकर बनवण्यात घालवली आहेत. पेठेची फुटबॉल टीम हरली की दोन दिवस त्यांच्याशी कोणी बोलत नाही.

बोट होती चंदगडच्या गावडेंची. तिथल्या एका धरणाच्या पाण्यात ते पिंजऱ्यांत मासे वाढवतात. पिंजरा म्हणजे पाण्यात सोडलेली जाळ्याची मोठी पेटी. त्यांची साडेपाच मीटरची सपाट तळाची बोट आम्हीच आधी बनवली होती, आतून उघडी. आता त्यांना तिच्यात दोन बदल हवे होते. एक, जाळं उचलायला उजव्या कडेला हातानं फिरवायची छोटी क्रेन. दोन, वर सपाट डेक, म्हणजे माशांबरोबर आलेलं पाणी पायाशी न साचता बाहेर वाहून जाईल. डेक टाकला की त्याच्या आणि तळाच्या मध्ये एक बंद पोकळी तयार होते. त्या पोकळीत हवा असते. बोटीला कुठे भोक पडलं तरी ती चटकन बुडत नाही, ती या हवेमुळे.

क्रेनचं वजन उजवीकडे, म्हणून मी बॅटरी आणि डिझेलची टाकी डावीकडे घेतली होती. हिशोब तीनदा तपासला होता. आमच्या शेडजवळ पाणी नाही, त्यामुळे ट्रायल नेहमी गिऱ्हाइकाच्याच पाण्यावर होते. तो गुरुवार होता. शनिवारी सकाळी गावडे पहिली जाळी उचलणार होते. जुनी लाकडी होडी कुजायला आली होती, म्हणून याच बोटीतून.

सर स्वतः गाडी घेऊन आले होते. त्यांनी दोन मिनिटं बोट पाहिली आणि म्हणाले, "खाद्याची पोती ठेवा डावीकडं. उजवीकडं कलतीया न्हवं?"

माशांच्या खाद्याची दोन पोती डावीकडे ठेवली. बोट डावीकडे गेली, पहिल्यापेक्षा जास्त.

"एक काढा."

एक काढलं. बोट डावीकडेच राहिली.

"मग उजवीकडं पण एक ठेवा," सर म्हणाले.

"सर, मग बोटीत मासे कुठं ठेवायचे?" मेस्त्रींनी विचारलं.

शेवटी दोन्ही कडांना दोन दोन पोती बांधली, तेव्हा बोट जरा गप्प बसली. गावडे काठावर उकिडवे बसले होते. ते म्हणाले, "चालतंय ओ साहेब आमाला. पोती बांधून वापरतो. शनवारचं काम हुंदे."

त्यांच्या शेजारी परसू उभा होता. क्रेन तोच चालवणार होता. त्याच्या कमरेला तेलाचा रिकामा कॅन दोरीनं बांधलेला होता. मी सकाळपासून तो पाहत होते आणि तो कशासाठी आहे हे मला उशिरा कळलं. परसूला पोहता येत नव्हतं.

क्रेननं भरलेलं जाळं उचललं की सगळं वजन एका कडेच्या बाहेर लटकतं. त्या वेळी बोट किती झुकेल हे मी कागदावर काढलं होतं. पण ही बोट माझ्या कागदातली नव्हती. काहीही न उचलता ती स्वतःच झुकत होती, तेही मनात येईल त्या बाजूला.

"सर, ही अशी देता येणार नाही," मी म्हणाले.

दिवसभरातलं माझं पहिलं पूर्ण वाक्य ते. सरांना आधी ऐकूच गेलं नाही. मी परत म्हणाले.

"का? पोत्यांनी सरळ झाली की."

"का कलते ते मला माहीत नाही."

"अहो मॅडम, कारण न्हाय कळलं तरी इलाज झाला न्हवं?"

"इलाज झाला का, तेही मला माहीत नाही."

सरांनी गावडेंकडे पाहिलं, गावडेंनी परसूकडे, परसूनं धरणाकडे. मग सर म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत बघा काय ते. न्हायतर पोती बांधून द्यायची, विषय संपला." आणि ते कोल्हापूरला परत गेले. बोट ट्रेलरवर चढवून आम्ही गावडेंच्या घरासमोरच्या अंगणात आणली. मी गावडेकाकूंकडे राहिले. मेस्त्री परसूच्या घरी.

शुक्रवारी सकाळी डोक्यात एकच गोष्ट होती. बोट पाण्यात माझ्या अंदाजापेक्षा खोल बसत होती. कलण्याच्या गोंधळात कोणाचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. गावडेंच्या जीपला ट्रेलर जोडून आम्ही बाजारपेठेतल्या वजनकाट्यावर गेलो. ट्रेलरचं वजन कागदावर होतं, ते वजा केलं. बोट माझ्या हिशोबापेक्षा एकशे ऐंशी किलोनं जड निघाली.

एकशे ऐंशी किलो म्हणजे तीन माणसं. तीन माणसं बोटीत कुठे बसली आहेत ते मला दिसत नव्हतं.

परत आल्यावर मी मेस्त्रींना विचारलं, "डेकची प्लेट किती जाडीची टाकली?"

प्रश्न साधा होता. पण आमच्या शेडमध्ये अशी सवय आहे की कागदावर तीन मिलिमीटर असलं की चार टाकायची, म्हणजे गिऱ्हाइकाचे शिव्याशाप नकोत. टँकरला चालतं ते. मेस्त्रींना माझ्या मनातलं लगेच समजलं.

"चारची. तुमच्या कागदावर चार हाय, मी चारच टाकलीया."

"नाही, म्हणजे मी फक्त..."

"डाऊट हाय तुमास्नी माज्यावर. मोजा की. व्हर्नियर हाय न्हवं पिशवीत?"

व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायचं साधन. तो पिशवीत होता. मी क्रेनच्या पायाशी प्लेटची उघडी कड मोजली. चार मिलिमीटर. दुसरीकडे मोजली. चार. मेस्त्री शेजारी हाताची घडी घालून उभे होते. मी सॉरी म्हणायला हवं होतं. व्हर्नियर पुसून पिशवीत ठेवला. ते काजूच्या झाडाखाली जाऊन तंबाखू मळत बसले आणि पुढचा तासभर माझ्याकडे पाहिलं नाही.

आता माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. प्लेट बरोबर, क्रेन बरोबर, इंजिन तेच जुनं, आणि वजन जास्त. मी वहीत सगळे आकडे पुन्हा मांडले. पुन्हा तेच उत्तर आलं. मला वाटायला लागलं की कोर्समध्ये मी काहीतरी मुळातच चुकीचं शिकले आहे आणि ते आज गावडेंच्या अंगणात सगळ्यांना कळणार आहे.

साडेअकराच्या सुमारास मी बोटीच्या कडेला हात टेकून उभी राहिले. चटका बसला. हात खाली सरकवला तर खालचा पत्रा गार. सावली असेल म्हणून दुसऱ्या बाजूला गेले. तिथे पूर्ण ऊन होतं. तरी वरचा पत्रा तापलेला आणि खालचा गार. याचा अर्थ मला लागला नाही. खालच्या पत्र्यावर चिखल वाळला होता, म्हणून वाटलं चिखलामुळे असेल. काकू दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्याकडून ओलं फडकं घेतलं आणि ती बाजू पुसून काढली.

वरचा भाग बघता बघता वाळला. खालचा ओलाच राहिला. मधली रेघ स्पष्ट दिसत होती.

"काय ओ, सिलिंडर बघताय व्हय?" काकू मागून म्हणाल्या.

मी वळले.

"आमी असाच बघतो. ओलं फडकं फिरवायचं. गॅस जितका हाय तितकं ओलं राहतंय."

आमच्याकडे आईही हेच करते. तिला मी शंभरदा पाहिलं आहे. तरी मला ते काकूंनी सांगावं लागलं.

मी परत पत्र्याकडे पाहिलं. ओली रेघ सरळ नव्हती. ट्रेलरचं नाक वर होतं, त्यामुळे बोट मागे उतरती होती. रेघ थोडी चढायची, मग एकदम खाली यायची, परत चढायची, परत खाली. करवतीच्या दात्यांसारखी. दाते तीन होते. शेवटचा, मागचा भाग सगळा कोरडा. दाते कुठे तुटतात ते मी बोटांनी मोजलं. तुटत होते ते बरोबर माझ्या फ्रेम्सवर. फ्रेम म्हणजे बोटीच्या आत आडव्या बसवलेल्या पट्ट्या, बरगड्यांसारख्या. त्यांनी त्या बंद पोकळीचे चार खण केले होते.

बंद पोकळीत पाणी होतं. तीन खणांत.

मी काजूच्या झाडाखाली गेले. "मेस्त्री, आत पाणी आहे."

"कसं असंल? टेस्ट केलीया मी. एक थेंब गळला न्हाय."

"मग धरणाचं पाणी आत शिरलंय."

ते उठलेच. "म्हंजे आता वेल्डिंगवर डाऊट! सकाळी प्लेट, आता वेल्डिंग. एवढ्या वर्षांत माजा जॉइंट गळल्याला दावा एक तरी. तुमच्या डिझाइनमदीच काय तरी खोट हाय, ते बघा आदी."

त्यांचं म्हणणं खरं असेल तर पाणी आलं कुठून? आणि जॉइंट गळत असेल तर बोट परसूच्या हातात देणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. शेवटी मी म्हणाले, "ड्रिल मारून बघू या का?"

गावडेंकडे ड्रिल होतं. मेस्त्री रागातच ट्रेलरखाली उताणे झोपले आणि मी खडूनं खूण केली तिथे, पहिल्या खणाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, त्यांनी भोक पाडलं. धार थेट त्यांच्या बनियनवर आली.

पाणी निळं होतं.

फिकट निळं, पांढऱ्या कपड्यांना घालायच्या निळीसारखं. धरणाचं पाणी निळं नसतं. मी खाली वाकले. मेस्त्री तसेच झोपून होते. बनियनवरचे निळे डाग त्यांनी बोटानं चाचपले.

"ही माजी नीळ," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. ट्रेलरखालूनच. टँकर तयार झाला की तो काठोकाठ पाण्यानं भरतात. पाण्यात नीळ घालतात, म्हणजे कुठे बारीक गळती असली तर चकचकीत पत्र्यावर निळा ठिपका लगेच दिसतो. दिवसभर ठेवतात, मग खालचा व्हॉल्व्ह उघडतात. टँकरचा तळ व्हॉल्व्हकडे उतरता असतो, म्हणून धार थांबली की टँकर रिकामा. त्यांनी आमच्या पोकळीचंही तेच केलं होतं. डेकवरच्या भोकातून पाणी भरलं, गळती पाहिली, चेनब्लॉकच्या साखळीनं बोटीचं नाक वर उचललं, मागचा प्लग, म्हणजे तळाचं बूच, उघडला. धार थांबली. प्लग बंद.

"पण ड्रॉइंगवर एअर टेस्ट लिहिलं होतं," मी म्हणाले. एअर टेस्ट म्हणजे पोकळीत थोड्या दाबानं हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की गळती.

"कुठं?"

ते उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, इंग्रजीत होतं. आठ नंबरची टीप. त्यांना ती दिसली नव्हती आणि मी कधी दाखवली नव्हती.

पण धार थांबली तरी पाणी आत राहिलं, ते माझ्यामुळे. फ्रेमला तळाशी खाच ठेवतात, म्हणजे पाणी एका खणातून दुसऱ्यात वाहतं. मी खाच ठेवलीच नव्हती. या पोकळीत पाणी कधी जाणारच नाही, मग खाच कशाला, असा माझा हिशोब. हवा फिरायला भोकं ठेवली होती, ती फ्रेमच्या मध्यावर. त्या भोकांच्या वर जेवढं पाणी होतं तेवढं निघून गेलं. खालचं तीन खणांत अडकलं. मागचा खण तेवढा प्लगमुळे रिकामा झाला.

परातीत थोडं पाणी घेऊन चालून बघा. परात जरा तिरकी झाली की सगळं पाणी त्या बाजूला धावतं आणि परात आणखी तिरकी होते. बोटीत तेच चाललं होतं. मेस्त्री ज्या बाजूला गेले त्या बाजूला पाणी गेलं आणि तिथेच बसलं. ट्रायलच्या वेळी पायाखाली डुबुक डुबुक आवाज मला ऐकू आला होता. सपाट तळावर लाटा आपटतायत असं मी ठरवून टाकलं होतं.

आणखी दोन भोकं पाडली. काकूंच्या बादल्या लावल्या. दहा लिटरच्या अठरा बादल्या निघाल्या. पाणी निळं नसतं तर जॉइंट की डिझाइन, हा वाद कुठपर्यंत गेला असता, याचा मी विचार करत नाही.

सरांना फोन लावला, स्पीकरवर. कारण सांगितलं.

"चूक कुणाची?" सरांनी विचारलं.

"माजी," मेस्त्री म्हणाले.

"खाच मी ठेवली नव्हती," मी म्हणाले. "आणि चेकलिस्टवर टेस्टच्या पुढे सही माझी आहे."

ते खरं होतं. मेस्त्री शेडमधून ओरडले होते, "मॅडम, टेस्ट झाली." मी आत केबिनमध्ये होते. बाहेर जाऊन कशी केली असं विचारायचं मनात आलं होतं. पण चार माणसांसमोर पंचवीस वर्षांच्या अनुभवाला प्रश्न विचारायचा म्हणजे काय, म्हणून मी सही केली.

"दोघांची असंल तर मग मी ओरडू कुणावर?" सर म्हणाले. मग थोडं थोडं दोघांवर ओरडले आणि फोन ठेवला.

तिन्ही भोकांत मेस्त्रींनी आटे पाडले, रबरी वॉशर आणि सीलंट लावून स्टेनलेसचे बोल्ट घट्ट बसवले. सीलंट वाळेपर्यंत चार वाजले. मग बोट पाण्यात उतरवली. ती सरळ तरंगली. मेस्त्री उजव्या कडेला गेले, ती थोडी झुकली. मधे आले, ती परत सरळ झाली. ते डावीकडे गेले, परत मधे आले. न सांगता त्यांनी हे सात-आठ वेळा केलं.

मग परसूनं क्रेनला खाद्याची पोती लावून कडेच्या बाहेर उचलली. एक, दोन, तीन. कोनमापक माझ्या हातात होता. कागदावर सहा अंश होते, बोट साडेसहा झुकली. पोती पाण्यावर लटकत असताना परसूनं माझ्याकडे पाहिलं.

"ह्यापेक्षा जास्त न्हाय नव्हं वाकत?"

"तीन पोत्यांना नाही," मी म्हणाले. "चौथं लावू नका."

त्यानं मान हलवली. कमरेचा कॅन मात्र सोडला नाही. मला ते बरं वाटलं. तरी लाइफ जॅकेटचं मी गावडेंना तिथेच सांगितलं, आणि या वेळी मोठ्यानं.

शनिवारी जाळी उचलली गेली. मी तिथे नव्हते. बोट सरळ चालली, एवढाच गावडेंचा निरोप आला.

शेडमध्ये आता फ्रेमला खाच असते, पोकळी बंद असो की उघडी. ड्रॉइंगवरच्या टिपा मराठीत असतात, मोठ्या अक्षरात, आणि काम सुरू होण्याआधी मी त्या मेस्त्रींसमोर वाचून दाखवते. आवाज अजून बारीकच आहे. मागचा एकजण हमखास "काय?" म्हणतो. मग परत वाचते.

चेकलिस्टमध्ये पूर्वी "झालं" असा रकाना होता. तो काढून आम्ही "कसं केलं" असा केला. मेस्त्रींना लिहायचा कंटाळा येतो, म्हणून ते सांगतात आणि मी लिहून घेते. ते सांगायला मी त्यांना केबिनमध्ये येऊ देत नाही. मीच उठून बाहेर जाते.